आधी फाईल, मग विंडोज



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल की हा व्याख्यानमालेतला विषय नव्हे, संगणकाच्या दुकानदाराला विचारायचा प्रश्न आहे. डिझाईन विभागासाठी कॅडचं नवं वर्कस्टेशन घ्यायचंय. त्यावर विंडोज टाकायची, लिनक्स टाकायची, की सरळ मॅक घ्यायचा? दुकानदार अर्ध्या मिनिटात उत्तर देतो, विंडोज घ्या म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते उत्तर बरोबरही असतं. माझं भांडण त्या उत्तराशी नाही. ते मिळाल्यावर आपण विचार करायचं थांबवतो, त्याच्याशी आहे. कॅडच्या कामात ऑपरेटिंग सिस्टीम आपण निवडतच नाही, असं माझं म्हणणं आहे. ती आपण घेतलेला प्रोग्रॅम ठरवतो, आणि प्रोग्रॅम बहुतेक वेळा आपलं गिऱ्हाईक ठरवतं. या सगळ्या साखळीत आपल्या हक्काची म्हणावी अशी एकच वस्तू असते, ती म्हणजे तयार झालेलं मॉडेल. आणि नेमका तिचाच उल्लेख कोटेशनमध्ये कुठे नसतो.

विंडोज आणि कॅड यांची जोडी आज निसर्गनियमासारखी वाटते, पण ती तशी नवीच आहे. १९८२च्या अखेरीस ऑटोकॅड बाजारात आलं तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या सीपी/एमवरही चालत. पुढे डॉस, युनिक्स, मॅकिंटॉश अशी त्याची बिऱ्हाडं वाढत गेली. मॅकवाल्यांना बाराव्या आवृत्तीपर्यंत आणि युनिक्सवाल्यांना १९९४च्या तेराव्या आवृत्तीपर्यंत जागा होती. १९९७ साली चौदावी आवृत्ती आली ती फक्त विंडोजसाठी. ज्या ड्रॉइंग ऑफिसांनी सन कंपनीची महागडी युनिक्स यंत्रं घेऊन ठेवली होती, त्यांच्या यंत्रात त्या दिवशी काहीही बिघडलं नव्हतं. पडदा तोच, वेग तोच. फक्त पुढची आवृत्ती त्यांच्यासाठी नव्हती. मॅकवर ऑटोकॅड परत आलं २०१० मध्ये, म्हणजे एका पिढीचे ड्राफ्ट्समन दुसरीकडे स्थिरावल्यावर.

त्रिमितीच्या, म्हणजे सॉलिड मॉडेलिंगच्या क्षेत्रातही हेच घडलं. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रो-इंजिनिअर आलं ते युनिक्स वर्कस्टेशनवर, आणि सिलिकॉन ग्राफिक्सची यंत्रं हे प्रत्येक मोठ्या डिझाईन ऑफिसचं स्वप्न झालं. मग सिलिकॉन ग्राफिक्सनेच १९९२ साली ओपनजीएल हा ग्राफिक्सचा मानक संच खुला केला, मायक्रोसॉफ्टने १९९४ मध्ये तो विंडोज एनटीत घेतला, आणि इंटेलचे प्रोसेसर दरवर्षी जवळ येत गेले. जॉन हर्शटिक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली कंपनी काढताना ठरवलं की आपण युनिक्सच्या वाटेला जायचंच नाही. १९९५ मध्ये सॉलिडवर्क्स निघालं ते केवळ विंडोजवर. दोनच वर्षांनी दासो सिस्टीम्सने ही कंपनी ३१ कोटी डॉलरना विकत घेतली. सिलिकॉन ग्राफिक्सची आयरिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि तिची यंत्रं २००६च्या अखेरीस बंद झाली. तांत्रिकदृष्ट्या आयरिक्स एनटीपेक्षा कमी दर्जाची होती, असं तिचे शत्रूसुद्धा म्हणत नसत. हरली ती किमतीपुढे आणि संख्येपुढे.

प्रोग्रॅम करणाऱ्या कंपन्या एखादी ऑपरेटिंग सिस्टीम का सोडतात, हे पुण्यात तरी फार समजावून सांगायला नको. दासो आणि मुंबईची जिओमेट्रिक यांनी २००२ साली थ्रीडीपीएलएम ही संयुक्त कंपनी काढली, तेव्हापासून जगभरच्या डिझाईन ऑफिसांत चालणाऱ्या प्रणालींचा बराच कोड याच शहरात लिहिला आणि तपासला जातो. तपासणीच्या टेबलावर बसलेल्या माणसाला हिशेब तोंडपाठ असतो. एक ऑपरेटिंग सिस्टीम वाढली की तिच्या चालू आवृत्त्या, त्यांवरची ग्राफिक कार्डं, त्या कार्डांचे ड्रायव्हर, आणि आपल्या प्रोग्रॅमच्या चालू आवृत्त्या, या सगळ्यांचा गुणाकार वाढतो. हा गुणाकार शंभरातल्या तीन गिऱ्हाइकांसाठी कुणी करत नाही. त्यात वाईट हेतू शोधण्याचं कारण नाही, पण या निर्णयात आपल्याला मत नसतं हेही विसरून चालणार नाही.

उलट उदाहरणही आहे, आणि ते विंडोजच्या भक्तांनी आवर्जून पाहावं. चिपची रचना करणारे लोकही आपल्या कामाला कॅडच म्हणतात. कॅडन्स आणि सिनॉप्सिस यांची त्या कामाची मुख्य साधनं लिनक्सवर चालतात. तिथे विंडोज की लिनक्स हा वाद कुणी घालत नाही. पूर्वी हे काम सनच्या सोलारिस या युनिक्स सिस्टीमवर चाले. चिपवरची लक्षावधी घटकांची मांडणी आणि जोडणी हे तासन्‌तास, कधी दिवसेंदिवस, शेकडो सर्व्हरवर चालणारं काम. त्यामुळे सोलारिसचा भाव परवडेना झाला तेव्हा ते सरळ स्वस्त इंटेल यंत्रांवरच्या लिनक्सकडे गेलं. इंजिनिअर विंडोजच्या लॅपटॉपवर बसून दूरच्या लिनक्स यंत्राचा पडदा पाहत असतो, आणि त्याला यात काही विपरीत वाटत नाही. चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सचे मोठे स्टुडिओही आयरिक्स सोडल्यावर लिनक्सकडे वळले. तेव्हा लिनक्सवर थ्रीडी नीट दिसत नाही, ड्रायव्हर मिळत नाहीत, हे आपल्याकडे वर्षानुवर्षं फिरणारं कारण बाद समजावं. यांत्रिक कॅड विंडोजवर राहिलं कारण त्या कामात माणूस सतत पडद्यासमोर असतो, दर मिनिटाला माऊस हलवतो, आणि त्याच्या शेजारी एक्सेल आणि ईमेल उघडं असतं. सिस्टीम कामाच्या ढंगामागून गेली आहे.

आता ही साखळी जरा जवळून पाहू. चाकणच्या एखाद्या पुरवठादाराकडे सॉलिड मॉडेलिंगच्या दोन सीट आहेत. यंत्रं २०१६ची, ग्राफिक कार्ड प्रमाणित, बत्तीस जीबी रॅम, काम सुरळीत. वाहन कंपनीच्या डिझाईन ऑफिसने आपली आवृत्ती बदलली. तिकडून आलेली फाईल इकडे उघडायला गेलं की प्रोग्रॅम सांगतो, ही पुढच्या आवृत्तीतली आहे. या प्रोग्रॅमांची फाईल बहुधा पुढेच जाते, मागे येत नाही. काहींनी अलीकडे एक-दोन आवृत्त्या मागे सेव्ह करण्याची सोय दिली आहे, पण ती सोय नवी आवृत्ती घेतलेल्याच्या हातात असते, अडलेल्याच्या नव्हे. म्हणून पुरवठादाराने नवी आवृत्ती घ्यायची. आज ना उद्या ती नवी विंडोज मागणार, कारण विंडोज १०चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. २०१६चं यंत्र तिथे नापास. म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑफिसात एका बैठकीत झालेल्या निर्णयाने इथलं धडधाकट यंत्र मोडीत निघालं, आणि मधल्या कुठल्याही पायरीवर पुरवठादाराला कुणी काही विचारलं नाही. अशा वेळी विंडोज चांगली की लिनक्स ही चर्चा म्हणजे लग्नाची तारीख, मुलगी आणि कार्यालय दुसऱ्यांनी ठरवल्यावर नवरदेवाने फेट्याच्या रंगावर वाद घालण्यासारखं आहे.

यंत्र मोडीत निघणं हे तसं छोटं नुकसान. पुन्हा घेता येतं. मोठं नुकसान काय असतं ते एअरबसच्या ए-३८० विमानाने दाखवलं. दासोच्या कॅटिया प्रणालीची चौथी आवृत्ती युनिक्सच्या काळातली. पाचवी आवृत्ती १९९०च्या दशकाच्या अखेरीस आली ती नव्याने लिहिलेली, विंडोज एनटी आणि युनिक्स दोन्हींवर चालेल अशी. बाजार एनटीकडे वळला होता, त्याला ते उत्तर होतं. पण नव्याने लिहिल्यामुळे जुन्या मॉडेलची आतली मांडणी नव्याला परकी झाली. एअरबसच्या जर्मन ऑफिसात चौथी आवृत्ती चालू राहिली, फ्रेंच ऑफिसात पाचवी. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर तारा होत्या. हॅम्बुर्गला तयार झालेल्या तारांच्या जुड्या टुलूझला धडात बसवायला गेल्या तेव्हा कुठे तोकड्या पडल्या, कुठे ठरल्या जागेतून वळेनात. तार वळते तेव्हा तिच्या जाडीप्रमाणे आणि धातूप्रमाणे वळणाची त्रिज्या ठेवावी लागते. ॲल्युमिनियमची तार तांब्यासारखी वळत नाही. वळणावळणावर थोडी थोडी चूक साठली की शेवटचा कनेक्टर आपल्या जागेपर्यंत पोचत नाही. २००६च्या जूनमध्ये विलंब जाहीर झाला. जुलैत एअरबसचे गुस्ताव हुम्बर्ट आणि तिच्या मूळ कंपनीचे नोएल फोर्जार पदावरून गेले. नंतर आलेले ख्रिश्चन स्ट्रायफ ऑक्टोबरात बाहेर पडले. २०१० पर्यंतच्या नफ्यात ४.८ अब्ज युरोंची तूट येईल असा अंदाज कंपनीने त्या वर्षी दिला. विमान पहिल्या गिऱ्हाइकाच्या हाती पडायला ऑक्टोबर २००७ उजाडला.

हा सगळा दोष सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा होता असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. दोन देशांतली ऑफिसं, आपापले जुने सवंगडी, आपापले हट्ट, वरिष्ठांना वाईट बातमी न सांगण्याची रीत, हे सगळं त्यात होतं. पण आपल्या मुद्द्यापुरतं यातून एक निघतं. ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्याचा खर्च ऑपरेटिंग सिस्टीमच्या बिलात कधीच दिसत नाही. त्या बदलाला सामोरं जाताना प्रोग्रॅम पुन्हा लिहिला जातो, आणि खर्च उतरतो तो फाईलमध्ये, काही वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या तरी टेबलावर. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या प्रोग्रॅमच्या दोन आवृत्त्यांत हे होत असेल, तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या प्रोग्रॅमांत काय होत असेल?

वस्तूचं आयुष्य आणि सिस्टीमचं आयुष्य यांत मुळातच मेळ नाही. बोइंग ७७७ हे विमान पूर्णपणे संगणकावर रेखाटलेलं पहिलं प्रवासी विमान. आयबीएमच्या मेनफ्रेमना जोडलेल्या दोन हजारांहून अधिक वर्कस्टेशनवर कॅटियात ते आकाराला आलं आणि १९९४ साली उडालं. ते आजही उडतंय. त्या मेनफ्रेम आणि ती आवृत्ती आता संग्रहालयात शोभतील. आपल्याकडे एवढी विमानं होत नाहीत, पण प्रेसची डाय, पंपाचं केसिंग, साखर कारखान्याच्या गिअरबॉक्सचं घर या वस्तूही पंचवीस-तीस वर्षं सहज चालतात, आणि त्यांचा सुटा भाग मागायला गिऱ्हाईक वीस वर्षांनीही येतं. विंडोज १० दहा वर्षांत संपली. म्हणजे एका डायच्या आयुष्यात तीन ऑपरेटिंग सिस्टीम येऊन जाणार, हे गृहीत धरूनच आज खरेदी करायला हवी.

यावर पहिला आक्षेप खुल्या सॉफ्टवेअरच्या मित्रांकडून येतो, आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. ते म्हणतात, मग लिनक्स आणि फ्रीकॅड घ्या, म्हणजे साखळीच तुटेल. फ्रीकॅड २००२ पासून वाढत आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. जुन्या फीचरमध्ये बदल केला की पुढची फीचरं भलत्याच कडेला जाऊन चिकटायची, हा त्याचा जुना आजार तिच्यात बराच आटोक्यात आला आहे. जिग-फिक्स्चर, शीटमेटलची खोकी, स्वतःच्या कारखान्यातली साधनं एवढंच काम असेल तर आज ते बिनदिक्कत वापरावं. द्विमितीचं काम असेल तर ब्रिक्सकॅड लिनक्सवरही मिळतं. पण ज्याचं गिऱ्हाईक आपल्याच प्रोग्रॅमच्या मूळ फाईलमध्ये मॉडेल मागतं, फीचर ट्रीसकट, म्हणजे ते घडवण्याच्या पायऱ्यांसकट मागतं, त्याला हा सल्ला देणं म्हणजे धंदा बदल असं सांगणं आहे. व्हर्च्युअल मशीन किंवा वाईन यांच्या आधाराने विंडोजचा प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्यांची जिद्द मोठी, पण ग्राफिक्स अडलं की विक्रेता हात झटकतो, आणि डिलिव्हरीच्या आदल्या रात्री जिद्दीचा उपयोग होत नाही. लिनक्सवर वेग वाढेल ही आशाही फारशी खरी नाही. मॉडेलमधलं ४० मिलिमीटरचं माप ४२ केलं की प्रोग्रॅम त्यानंतरचं भोक, गोलाई, पोकळी एकामागून एक पुन्हा घडवतो. मागचं झाल्याशिवाय पुढचं सुरू होत नाही. हे काम बव्हंशी प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर चालतं. पैसे तिथल्या क्लॉक स्पीडला आणि एसएसडीला द्यावेत. मॅकच्या बाबतीत मी थोडक्यात आटोपतो: ॲपलने २०१८ मध्ये ओपनजीएलला निरोपाची नोटीस दिली, २०२० पासूनच्या तिच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्पने विंडोज चढवता येत नाही, आणि यांत्रिक कॅडचे बहुतेक बडे प्रोग्रॅम आज तिकडे मिळत नाहीत. ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्कचं फ्यूजन मॅकवर चालतं. ज्याचं तेवढ्याने भागतं त्याने खुशाल घ्यावा.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ब्राउझरमध्ये चालणारं कॅड आल्यावर हा प्रश्नच मिटला, असं तो सांगतो. गंमत अशी की हे करून दाखवणाऱ्यांत तोच हर्शटिक आहे. ज्याने १९९५ मध्ये सगळा डाव विंडोजवर लावला, त्यानेच २०१२ मध्ये ऑनशेपची कंपनी काढून ऑपरेटिंग सिस्टीम निरर्थक करून टाकली. २०१९ मध्ये प्रो-इंजिनिअरवाल्या पीटीसीने ती ४७ कोटी डॉलरना घेतली. मान्य करायला हवं की इथे आवृत्तीचं दुखणं खरोखर जातं, कारण सगळे जण कायम एकाच आवृत्तीवर असतात. चाकणच्या त्या पुरवठादाराचं जुनं यंत्रही वाचतं. पण साखळी तुटत नाही, तिचं टोक दुसरीकडे बांधलं जातं. सप्टेंबर २०२० मध्ये ऑटोडेस्कने फ्यूजन ३६०च्या फुकट वैयक्तिक परवान्याच्या अटी बदलल्या. चालू कागदपत्रांवर दहाची मर्यादा आली, आणि स्टेप या सामायिक मानकातली फाईल बाहेर काढण्याची सोयही जाणार असं जाहीर झालं. आरडाओरडा झाल्यावर ती सोय राहिली. फुकट घेणाऱ्याने तक्रार करू नये हे खरं, तरी यातून दिसतं ते हे की बाहेर पडायचं दारसुद्धा अटींचा भाग असतं. शिवाय संरक्षण खात्याचं किंवा नव्या मॉडेलचं गोपनीय काम करणाऱ्या गिऱ्हाइकांना ड्रॉइंग आवाराबाहेर गेलेलं चालत नाही.

मग जुनी विंडोजच इंटरनेट काढून चालवत राहू, असं म्हणणाराही एक व्यवहारी वर्ग आहे. सीएनसी यंत्राच्या कंट्रोलरपुरतं ते ठीक. डिझाईनच्या सीटवर मात्र फाईल येते ती ईमेलने किंवा पेनड्राइव्हने, आणि तोच संसर्गाचाही रस्ता असतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने चेन्नईजवळच्या रेनॉ-निसानच्या कारखान्याचं काम थांबवलं. तो विंडोजच्या ज्या छिद्रातून शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती. महिन्याभराने नॉटपेट्या या दुसऱ्या व्हायरसच्या फटक्यात न्हावाशेव्याच्या बंदरातलं एक टर्मिनल अडलं. ज्या ऑफिसात क्रॅक केलेला प्रोग्रॅम चालतो आणि तो बंद पडेल या भीतीने अपडेट रोखून धरलेले असतात, तिथे हा धोका दुप्पट असतो.

आता राहिला माझ्या म्हणण्यावरचा खरा हल्ला. जाणकार विचारतील: मॉडेल आपल्या ताब्यात ठेवा म्हणता, पण कुठल्या रूपात? स्टेप म्हणजे आयएसओ १०३०३ हे मानक १९९४ पासून आहे, पण त्यात भूमिती जाते, फीचर ट्री जात नाही. भोक कुठल्या कडेपासून मोजलं होतं, गोलाई का दिली होती, ही डिझायनरची सगळी रीत पुसली जाते आणि हातात मुका ठोकळा उरतो. हे खरं आहे, आणि त्यावर पूर्ण इलाज नाही. पण वीस वर्षांनी आपल्याला काय लागतं ते पाहा. यंत्रावर भाग कापायला आणि तपासणीला भूमिती आणि टॉलरन्स लागतात. स्टेपच्या २०१४ साली आलेल्या एपी २४२ या भागात टॉलरन्सही मॉडेलसोबत जातात. फीचर ट्री लागते ती पुढच्या पाच-सात वर्षांत बदल करायला, आणि तेवढा काळ मूळ प्रोग्रॅम बहुधा जिवंत असतो. विमान उद्योगाने लोटार या नावाने दीर्घकाळच्या साठवणुकीची जी मानकं केली, त्यांचा आधारही स्टेपच आहे. आणि त्या लोकांना फीचर ट्रीची किंमत ठाऊक नाही असं कुणी म्हणणार नाही.

म्हणून माझा सल्ला कुठल्याच पक्षाला पूर्ण पसंत पडणारा नाही. ज्या सीटवर गिऱ्हाइकाचं मॉडेल उघडायचं, तिथे विंडोज घ्यावी. आवृत्ती प्रोग्रॅमच्या प्रमाणित यादीत पाहून घ्यावी, ग्राफिक कार्डही त्याच यादीतलं. ताणाचं किंवा प्रवाहाचं गणित रात्रभर चालवायचं असेल तर ते यंत्र लिनक्सचं असावं. नोव्हेंबर २०१७ पासून जगातले पाचशे सर्वांत वेगवान संगणक सगळेच्या सगळे लिनक्सवर आहेत ते उगाच नव्हे. साठवणुकीचा सर्व्हरही लिनक्सचा चालेल, आणि त्यावर प्रत्येक मंजूर झालेल्या भागाची मूळ फाईल, स्टेप आणि टॉलरन्सचं पीडीएफ ड्रॉइंग अशा तीन प्रती, मंजुरीच्याच दिवशी. लहान कारखान्याला एवढा वेळ कुठे, असं म्हणतात. एका भागाला पाच मिनिटं लागतात, आणि बॅचने केलं तर तीही नाहीत. वेळ लागतो तो वीस वर्षांचं साठलेलं एकदम करायला बसल्यावर.

आणि नव्या सीटची ऑर्डर देण्यापूर्वी विक्रेत्यासमोर एक परीक्षा घ्यावी. आपली पाच वर्षं जुनी, शंभरेक भागांची असेंब्ली काढावी; तिची स्टेप फाईल करून ती दुसऱ्या कंपनीच्या प्रोग्रॅममध्ये, जमलं तर फ्रीकॅडमध्ये, उघडावी. स्टेपमध्ये मूळ भागाचं घनफळ, पृष्ठफळ आणि गुरुत्वमध्य यांचे आकडे सोबत लिहून पाठवायची सोय आहे. ती चालू करायला विक्रेत्याला सांगावं, आणि दोन्हीकडचे आकडे भागवार ताडून पाहावेत. पातळ गोलाया आणि मुक्त वक्र पृष्ठभाग जिथे आहेत तिथे फरक आधी दिसेल. ही परीक्षा चेक देण्याआधीच्या आठवड्यात घ्यावी. त्या आठवड्यात विक्रेत्याचा इंजिनिअर बोलावल्या दिवशी येतो.